भोवरेवाल्याच्या घरचा भोवरा

सोनपेठच्या आठवडी बाजारात जनावरांच्या बाजूला आश्रुबा हे नाव सांगितलं तर लोक डोकं खाजवत. भोवरेवाले म्हटलं की लगेच बोट दाखवलं जाई. बाभळीच्या विरळ सावलीत, खांद्यावर मळकट उपरणं टाकून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एक उंच, वाळका माणूस. कोणी हाक मारली तरी तो लगेच उठत नसे. आधी जमिनीवर एक हात टेकवायचा, मग दुसरा, मग उभा राहायचा. पन्नाशीच्या आतच त्याला ही सवय लागली होती.

भोवरा हा शब्द या भागात बऱ्याच ठिकाणी वापरतात. गोदावरीचं पाणी पुरात जिथं स्वतःभोवती फिरतं आणि म्हशीसुद्धा जिथं उतरत नाहीत, तो भोवरा. दोरी गुंडाळून पोरं जमिनीवर सोडतात, तोही भोवरा. न्हावी डोकं भादरताना टाळूवर केसांचं जे गोल वळण दाखवतो त्यालाही हेच नाव, आणि अशी वळणं दोन निघाली तर दोन बायका करणार म्हणून गिऱ्हाइकाची थट्टा ठरलेली. कोर्टकचेरीत अडकलेला माणूस भोवऱ्यात सापडला असंही म्हणतात. बैलबाजारात या शब्दाला एकच अर्थ होता. जनावराच्या अंगावर केस जिथं गोल फिरलेले असतात ती जागा. ती योग्य ठिकाणी असली तर भाव टिकतो, चुकीच्या ठिकाणी असली तर उतरतो.

योग्य आणि चुकीचं ठिकाण कोणतं, हे आश्रुबाला त्याच्या मामानं शिकवलं होतं. कपाळावर डोळ्यांच्या मधोमध एक असावा. तिथंच एकावर एक असे दोन असतील तर घरात भांडण. पाठीच्या कण्यावर असला तर चालतो, एका बाजूला सरकलेला असला तर धन्याला आजारपण. जू टेकतं तिथं मानेवर असला तर बैल धन्याच्या थोरल्या माणसाला बाधतो. मामाला हे कोणी शिकवलं ते मामानं सांगितलं नाही, आश्रुबानं विचारलं नाही.

कामाची रीत ठरलेली होती. घेणाऱ्यानं भोवरेवाल्याला बोलवायचं. त्यानं बैलाच्या कपाळापासून शेपटीपर्यंत केसांच्या उलट्या दिशेनं हात फिरवायचा आणि जे सापडेल ते मोठ्यानं, विकणाऱ्यालाही ऐकू जाईल असं सांगायचं. मग दोघांचे हात उपरण्याखाली जाणार आणि बोटं दाबून भाव ठरणार. हात एकदा उपरण्याखाली गेले की ऐबाबद्दल तोंड उघडायचं नाही. सांगायचं ते त्याआधी. काही विकणारे तापलेल्या उलथन्यानं भोवऱ्याचे केस जाळून आणत आणि वर तेल चोळत. जळालेला केस बोटाला खरखरीत लागतो. आश्रुबाच्या हाताला तो चुकत नसे. तो तेवढंच म्हणायचा, "हितं जाळलंय." विकणारा शिव्या द्यायचा, घेणारा चहा पाजायचा. आश्रुबा दोन्ही घेऊन बाभळीखाली परत यायचा.

त्याच्या मागं थोड्या अंतरावर बऱ्याचदा लिंबाजी उभा असे. लिंबाजी शेजारच्या गावचा, छप्पन्न साली बाबासाहेबांच्या मागं बौद्ध झालेल्या घरातला. थोडी मुरमाड जमीन होती, ती तो स्वतः कसायचा. भोवरेवाल्यानं एखाद्या बैलाला नाव ठेवलं, घेणारा निघून गेला, विकणारा हिरमुसला, की लिंबाजी पुढं व्हायचा. बैलाचं तोंड उघडून दात बघायचा, खुरांवर टकटक करायचा आणि पडलेल्या भावात बैल घेऊन जायचा.

"लिंबाजी, तू माझ्या मागं कामून फिरायलास?" आश्रुबानं एकदा विचारलं होतं.

"तुमी नाव ठिवल्याबिगर मला परवडत न्हाई, भोवरेवाले," लिंबाजी म्हणाला. "आमच्या घरात तुमचे लय उपकार हायत. माय तर म्हणती, त्यास्नी एकदा जेवायला बोलव."

आश्रुबा हसला होता. त्या काळात तो हसायचा.

बहात्तरच्या दुष्काळात बाजारात भोवरा कोणी विचारेना. बैल हाडांवरून विकले जात होते. घेणारे बाहेरून यायचे, लांबूनच बघायचे आणि ट्रक भरून कसायाकडं न्यायचे. आश्रुबा काही आठवडे बाभळीखाली बसला. मग सगळ्यांसारखाच खडी फोडायच्या कामावर गेला. तिथं हातोडा घसरून डाव्या हाताची दोन बोटं ठेचली आणि ती नंतर नीट वाकलीच नाहीत. खडीवरच्या बायका दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीच्या रांगेत उभ्या राहून विचारत, "भोवरेवाले, या दगडावर हाय का हो भोवरा?" तो रांगेत एक पाऊल पुढं सरकायचा.

पाऊसपाणी झाल्यावर सुरुवातीला जनावर मिळणंच मुश्कील होतं. मिळेल ते लोक घेत होते. मग गोठे थोडे भरले आणि माणसं पुन्हा निवडून घेऊ लागली. पंचाहत्तरच्या सुरुवातीला त्याला पुन्हा हाका येऊ लागल्या. हात मात्र पूर्वीसारखा चालत नव्हता. एका हातानं काम करावं लागे, वेळ लागे, आणि बैलावर हात फिरवताना दुष्काळात ट्रकमध्ये चढलेली चांगल्या भोवऱ्यांची जनावरं त्याला आठवत. कपाळावर मधोमध एक भोवरा असलेला बैलसुद्धा त्या ट्रकमध्ये चढला होता. याबद्दल तो कोणाशी बोलला नाही. काम सोडावं असं मात्र त्याच्या मनात येऊ लागलं होतं. दारात एक लाल कंधारी गोऱ्हा होता, दुष्काळानंतर घेतलेला, घरच्या भाकरीवर वाढवलेला. तो जुंपण्याजोगा झाला की पडीक राहिलेला शेताचा तुकडा नांगरायचा आणि बाजाराला जायचं थांबवायचं, असा त्याचा हिशोब होता.

त्याआधी मुलीचं लग्न व्हायला हवं होतं.

मुलीचं नाव कडूबाई. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून नजर लागू नये असं नाव ठेवलं होतं. कडू कामाला दणकट, बोलायला मोकळी, दिसायला चारचौघींसारखी होती. तिच्या मानेवर, केस संपतात तिथं मधोमध, एक ठसठशीत भोवरा होता. तिची आई सगुणाबाई पहिल्या अंघोळीपासून तो ओळखून होती. बापानंही तो पाहिला होता, तिला खांद्यावर घेऊन फिरवण्याच्या वयात. दोघांनी त्याबद्दल एकमेकांजवळ कधी शब्द काढला नव्हता.

या भागात मुलगी बघायला आलेल्या बायका चहा झाल्यावर मुलीची वेणी घालून देतात. मायेनं करतात असं दिसतं. तेल लावतात, केस सोडतात, विंचरतात, आणि मानेवर, कपाळावर, कानामागं सगळीकडं बोटं फिरवतात. मानेवरचा भोवरा सासऱ्याला बाधतो असं मानतात. पहिल्या स्थळाच्या बाईनं वेणी अर्धीच घातली आणि तेलाची वाटी खाली ठेवली. दुसऱ्या स्थळाच्या बायकांनी वेणी पूर्ण घातली, फुलं माळली, कडूच्या गालावरून हात फिरवला आणि निरोप धाडलाच नाही.

त्यानंतर एका दुपारी सगुणाबाईनं चुलीपुढं बसल्या बसल्या म्हटलं, "बाजारात बैलाचे जाळतेत म्हणं."

आश्रुबा जेवत होता. त्यानं घास तसाच धरला.

"उलथनं तापवून नुस्तं टेकवायचं," सगुणाबाई चुलीकडं बघत म्हणाली. "पोरीला कळायचंबी न्हाई. वरून तेल चोळू."

"हाताला लागतं ते."

"तुमच्या हाताला लागतं. समद्या बायकांचे हात काय तुमच्यासारखे हायत का?"

"पुन्हा उगवतं. आणि उगवल्यावर काय सांगशील? उघडं पडलं की परत आणून सोडतेत. बैलाला सोडतेत तसं."

सगुणाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. आतून कडूचा आवाज आला, "माय, उलथनं तापव, पण भाकरीसाठी ठिव. मानंला लावायला आलीस तर मी मामाच्या गावाला पळून जाईन."

पुढच्या काही बाजारांत आश्रुबा जरा विचित्र वागला असं लोक सांगतात. त्यानं पूर्वी ज्यांना नाव ठेवलं होतं त्या बैलांची चौकशी सुरू केली. तुझा तो कण्यावर सरकलेला कसा आहे, तुझ्या त्या दोन भोवऱ्यांच्या बैलाचं काय झालं. लोक गोंधळत. एकानं सांगितलं, बैल चांगला आहे, भाऊ मेला. दुसऱ्यानं सांगितलं, दुष्काळात विकला, काय माहीत. तिसऱ्याच्या घरी खरोखर भांडण होऊन वाटण्या झाल्या होत्या, पण वाटण्या तर बैल येण्याआधीपासून चालूच होत्या. लिंबाजीला विचारलं तेव्हा तो खो खो हसला.

"मानंवर भोवरा असलेला ना? हाय की. म्हातारा झालाय. माझा बापबी हाय. बापाला बैल बाधायच्या आधी बापच बैलाला बाधायलाय. दिवसभर शिव्या घालतो त्याला."

"बरं हाय का बाप?"

"भोवरेवाले, तुमी कामून इचारायलाव एवढं? तब्येत बरी हाय ना तुमची?"

आश्रुबा बाभळीकडं वळला. सगळ्या चौकशीतून त्याला काही ठरवता आलं नाही. काही ठिकाणी खरं निघालं, काही ठिकाणी नाही, आणि बहुतेक ठिकाणी दुष्काळानं दोन्हीकडचं सारखंच पुसून टाकलं होतं.

तिसरं स्थळ सेलूकडून आलं. व्यंकटराव हे सेलूजवळच्या एका खेड्यातले शेतकरी, लाल कंधारी बैलांसाठी वर्षातून एकदोनदा सोनपेठपर्यंत येणारे, आणि आश्रुबाचं जुनं गिऱ्हाईक. आश्रुबानं हात फिरवल्याशिवाय त्यांनी कधी बैल घेतला नव्हता. त्यांचा मुलगा बन्सीधर सेलूला एका जिनिंगमध्ये कामाला होता. बाजारात बोलणं निघालं तेव्हा व्यंकटराव म्हणाले, "भोवरेवाल्याच्या घरची पोरगी म्हंजे बघायचं काय त्यात? येतो आमी."

ते आले ते मोठ्या बहिणीला घेऊन. तानुबाई विधवा, व्यंकटरावांच्याच घरी राहणारी, अंगानं लहानखुरी आणि तोंडानं मोठी. चहा झाला. कडू चहाचे कप उचलून आत गेली. तानुबाईनं कमरेची पिशवी सोडून फणी काढली आणि ती उठू लागली, तेवढ्यात व्यंकटरावांनी हात आडवा केला.

"अक्का, बस. हितं आपुन हात लावून बघायचं म्हंजे वैद्याच्या घरी जाऊन त्याची नाडी बघायची. आश्रुबा हायत की. ते सांगतील ते खरं."

तानुबाई फणी हातात घेऊन बसली. "मला काय, मी फणी संगंच आणलीय. वापरली काय, न वापरली काय."

"हां, तर भोवरेवाले," व्यंकटराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "सांगा. काई ऐब?"

ते चेष्टेत बोलत होते. बसलेले दोघे-तिघे शेजारी हसले. दाराच्या चौकटीला धरून सगुणाबाई उभी होती आणि तिची नजर नवऱ्याच्या तोंडावर होती. आश्रुबानं नुसती मान हलवली असती, नुसतं हसून सोडून दिलं असतं, तरी लग्न ठरलं असतं. व्यंकटरावांनी अंगाऱ्याची पुडीसुद्धा सोबत आणली होती, जाताना मुलीला लावायला.

आश्रुबानं खाली बघितलं. प्रश्न त्याला आयुष्यभर ज्या आवाजात विचारला गेला होता त्याच आवाजात आला होता, आणि उत्तरही त्याच आवाजात गेलं.

"मानंवर हाय. मधोमध."

शेजाऱ्यांचं हसू थांबलं. सगुणाबाईनं पदर तोंडावर घेतला आणि आत वळली. आतून काहीतरी पितळी खाली पडल्याचा आवाज आला.

व्यंकटराव बराच वेळ सुपारी चघळत राहिले. मग म्हणाले, "मानंवर म्हंजे सासऱ्याला बाधतो म्हणतेत."

"म्हणतेत."

"म्हंजे मला."

"हां."

"मोठा ऐब हाय हा, आश्रुबा."

"मी कुठं लहान म्हणालो?"

सगुणाबाई दारात परत आली होती. व्यंकटराव उठतील असं सगळ्यांना वाटलं, पण ते उठले नाहीत. त्यांनी पाय लांब केले. दुष्काळाची गोष्ट काढली. त्यांच्या जोडीतला एक बैल त्या साली गेला होता, उरलेल्याला तेव्हापासून जोड मिळाली नव्हती. एका बैलाची शेती म्हणजे एका चाकाची गाडी, असं ते म्हणाले. बोलता बोलता त्यांची नजर अंगणात खुंट्याला बांधलेल्या गोऱ्ह्यावर गेली आणि तिथंच थांबली.

"गोऱ्हा तुमचाच ना?"

"हां."

"हात फिरवला असंल तुमी."

"रोज फिरवतो."

"काई हाय?"

"काई न्हाई."

व्यंकटरावांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "मंग असं करू. गोऱ्हा पोरीसंगं पाठवा. भोवऱ्याचं मी बघून घेतो. शनीला तेल घालतो, काय करायचं ते करतो. माझ्या जिवावर घेतो म्हणा ना. एवढं तुमी समजून घेतलं पायजे."

सगुणाबाईनं दारातूनच होकाराची मान हलवली, एकदा, मग लगेच पुन्हा. तिच्या दृष्टीनं प्रश्न सुटला होता. गोऱ्हा गेला तर जाईल. पोरगी घरात बसली तर काय करायचं?

आश्रुबा व्यंकटरावांकडं बघत होता. हा चेहरा त्याला ओळखीचा होता. बैलाच्या पाठीपलीकडून त्यानं तो असंख्य वेळा पाहिला होता. भोवरा सांगितला गेला आहे, घेणारा लांब श्वास सोडतो, मान हलवतो, आणि तरीही दाव्यावरचा हात काढत नाही. त्या चेहऱ्यानंतर काय होतं तेही त्याला माहीत होतं. आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. गोऱ्हा दिला तर भोवरा खरा ठरणार होता. भाव पाडून घेतलेला ऐब जसा बैलाबरोबर गोठ्यात जातो, तसा तो कडूबरोबर सासरी जाणार होता. व्यंकटरावांना शिंक आली तरी घरातले तिच्या मानेकडं बघणार होते. त्याला एकदम खूप थकल्यासारखं वाटलं, असं त्यानं नंतर बायकोला सांगितलं. इतकं, की गप्प बसण्याचीही ताकद राहिली नाही.

"व्यंकटराव," तो म्हणाला, "एक सांगू का? बाजारात ज्याला भोवऱ्याचं भ्या असतंय, तो मी सांगितलं की निघून जातो. थांबत न्हाई. दावं सोडून जातो. जो थांबून भाव पाडतो, त्याला भ्या नसतंय. त्याला बैल पायजे असतो. सस्त्यात पायजे असतो एवढंच."

"म्हंजे?"

"तुमी बसलाव की."

मग तानुबाई हसली. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्यानं, इतकी की तिला ठसका लागला आणि पाणी आणावं लागलं.

"धरलं रे तुला, व्यंकट," ती पाणी पिऊन म्हणाली. "चांगलं मानंला धरलं. बाधणार कुणाला? तुला. मी तर रांडमुंड बाई, मला सासरा न्हाई की सून न्हाई. तुला भ्या वाटत असंल तर ऊठ, गाडी धर, चल. न्हाईतर त्या गोऱ्ह्याकडं बघायचं सोड. लाज न्हाई वाटत?"

"अक्का, मी आपलं..."

"तू आपलं काय? लहानपणी आंबे घ्यायला जायचास तवाबी असंच करायचास. चाखून चाखून अर्धी पाटी संपवायची अन् आंबट हाय म्हणायचं." मग ती फणी घेऊन उठली आणि आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली तेव्हा कडूची वेणी घातलेली होती. तानुबाईनं भावाकडं बघून सांगितलं, "हाय. मधोमधच हाय. पोरगी मात्र बोलती चांगली. मला म्हणली, अक्का, फणी जरा हळू, भोवरा पळून जायचा न्हाई."

व्यंकटरावांना हसावं लागलं. अंगाऱ्याची पुडी त्यांनी खिशातून काढून सगुणाबाईच्या हातात दिली. लग्न वैशाखात झालं, सेलूच्या बाजूला, बेतानं. गोऱ्हा खुंट्यालाच राहिला.

गोष्ट इथं थांबली असती तर आश्रुबाचं बरं झालं असतं. पण व्यंकटराव स्वतःवरचा विनोद पचवणारे गृहस्थ होते. पुढच्या खेपेला बाजारात आले तेव्हा त्यांनी व्याह्यानं आपल्याला कसं पकडलं ते चहाच्या टपरीवर रंगवून सांगितलं. दोन-तीन बाजारांत ते वाक्य सगळ्या विकणाऱ्यांच्या तोंडी झालं. भोवरेवाल्यानं भोवरा सांगितला, घेणाऱ्यानं मान हलवली, की विकणारा म्हणायचा, "भ्या वाटतंय का? मंग जावा की. थांबलाव कशाला?" घेणारा एक तर खरोखर जायचा किंवा पूर्ण भाव द्यायचा. भोवऱ्यावरून भाव पाडायची सोय उरली नाही. मग घेणारे भोवरेवाल्याला बोलावीनासे झाले, कारण ज्या कामासाठी बोलवायचं ते काम होत नव्हतं. खरोखर घाबरणारे काही होते. ते स्वतःच केस उलटे करून बघू लागले.

या बदलाचा सगळ्यात मोठा फटका लिंबाजीला बसला. तो एका बाजाराला बाभळीखाली आश्रुबासमोर येऊन उभा राहिला तो रागानंच.

"काय केलाव हे, भोवरेवाले? पोरीचं लगीन झालं, लय चांगलं झालं. माझं काय? आता भोवऱ्याचा बैलबी दुसऱ्या बैलांच्याच भावानं. आमी कुठं जायचं?"

"मी काय मुद्दाम केलंय?"

"मुद्दाम न करता एवढं, मुद्दाम केलं असतंत तर काय झालं असतं?" लिंबाजी त्याच्या शेजारी बसला. थोड्या वेळानं त्यानं विडी काढून पुढं केली. "पूर्वी तुमी बोललाव की माझं काम व्हायचं. आता तुमीच बोलून बसलाव."

आश्रुबानं विडी घेतली. त्या दिवशी त्याला एकही हाक आली नाही. नंतरच्या बाजारांना तो कधी गेला, कधी गेला नाही. शेताचा तुकडा गोऱ्ह्यानं आणि शेजाऱ्याच्या बैलानं नांगरून निघाला. ज्वारी बरी आली.

शहात्तरच्या श्रावणात सेलूहून निरोप आला की व्यंकटरावांना ताप आहे आणि उतरत नाही. निरोप आणला तो एस.टी.च्या वाहकानं, पाथरीला गाडी बदलणाऱ्या कोणा प्रवाशाकडून ऐकून. जास्त काही त्याला माहीत नव्हतं. आश्रुबानं ऐकलं आणि ओट्यावर बसला तो उठेचना. शेतावर गेला नाही. जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी गाडी यायच्या वेळेला थांब्यावर जाऊन उभा राहिला, तिसऱ्या दिवशीही. वाहक वेगळा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं.

"ताप हाय, पावसाळ्यात समद्यास्नी येतो," सगुणाबाई म्हणाली. "तुमीच म्हणालाव ना, भ्या असतं तर उठून गेले असते?"

"त्यांना भ्या न्हाई म्हणालो. मला न्हाई असं कुठं म्हणालो?"

सगुणाबाई त्याच्याकडं बघत राहिली. "म्हंजे तुमचा इस्वास हाय?"

"मला ठावं न्हाई," तो म्हणाला. "बैलांचं इचारून बघितलं मी. काई कळलं न्हाई. पण पोरगी तिथं एकटी हाय. ताप उतरला न्हाई तर ती लोकं काय म्हणतील? गोऱ्हा दिला न्हाई म्हणून असं झालं म्हणतील. तवा मी काय सांगू?"

चौथ्या दिवशी तो गाडीत बसून निघाला. पाथरीला उतरून सेलूची गाडी धरली, पुढचं अंतर पायी गेला. घरात शिरला तेव्हा व्यंकटराव बाजेवर उठून बसले होते, अंगावर घोंगडी, हातात पेजेची वाटी. कडू त्यांच्या पायाशी बसून लसूण सोलत होती. बापाला बघून ती उभी राहिली.

"आबा! असे अचानक?"

"ताप हाय म्हणून कळलं."

"उतरला परवाच." ती त्याच्याकडं नीट बघू लागली. तो उंबऱ्यातच उभा होता, वहाणा हातात, पायांवर चिखल. "तुमी जेवलाव का न्हाई इतक्या दिवसांत?"

व्यंकटरावांनी पेज बाजूला ठेवली आणि खोल गेलेल्या आवाजात विचारलं, "काय हो व्याही, मला बघायला आलाव का तुमच्या भोवऱ्याला?"

आतून तानुबाई ओरडली, "त्यास्नी आधी बसू दे, मंग चेष्टा कर. माणूस पडंल तिथंच."

आश्रुबा खाली बसला. एक हात टेकवला, मग दुसरा, आणि बसल्यावरही ते हात त्यानं जमिनीवरून उचलले नाहीत. कडूनं ताट वाढून आणलं. पिठलं, भाकरी, सोललेला लसूण. त्यानं पहिला घास घेतला आणि मग मान वर न करता सगळं ताट संपवलं, आणि आणखी मागितलं. व्यंकटराव त्याच्याकडं बघत होते. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "सूनबाई, ह्यांना भूक आमच्याच घरी लागती वाटतं."

"मुक्काम करा," कडू म्हणाली.

आश्रुबानं मान हलवली. हो की नाही ते कोणाला कळलं नाही. तो भिंतीला टेकला, डोळे मिटले, आणि तिथंच, हात न धुता, झोपून गेला.